तिसऱ्या बाकावरची माझी जागा

सुमंतभाऊजींचं लग्न झालं ते साल त्रेसष्ट. लग्न मे महिन्यातलं, आणि त्याच्या आधीच्या एका शनिवारी दुपारी मी अंगणात बाजेवर कुरडया वाळत घालत होते. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, उंबऱ्यात काठी घेऊन कावळे हाकत बसल्या होत्या. आमचं घर मिशनच्या आवारातच, त्यामुळं चर्चमधला ऑर्गन अंगणात स्वच्छ ऐकू यायचा.

"आज मास्तरांचा हात नाही," मी म्हटलं.

"मग कुणाचा?"

"तिचाच. गेल्या शनिवारी पण तीच होती."

आत्याबाईंनी काठी आपटली. कावळा नव्हताच.

मास्तर म्हणजे माझे यजमान, नथानेल लोंढे. शाळेत ते कधी शिकवत नव्हते, पण निंबगावात सगळे त्यांना मास्तर म्हणत आणि मीही तेच म्हणायला लागले. लग्नाआधीपासून ते चर्चमध्ये ऑर्गन वाजवत. पायानं भाता हाणायचा जुना ऑर्गन होता. आजूबाजूच्या खेड्यांतल्या चर्चमध्येही पेट्या होत्या, पण वाजवणारं कुणी नव्हतं. म्हणून मिशननं मास्तरांना सांगितलं, उपासना चालवतील अशी चार माणसं तयार करा. त्या वर्षी चारपाच जण आले. कुणाचं शेताचं काम निघालं, कुणाला नोकरी लागली. शेवटी एकटी सुवार्ता हिवाळे राहिली. मुलींच्या शाळेत शिकवायची, लग्न व्हायचं होतं, आणि तिला वाचून वाजवता यायचं. मला तर तेव्हा माझं नावही लिहिता येत नव्हतं.

"मार्थे, चहा घेऊन जा," आत्याबाई म्हणाल्या.

"वर्गात चहा नाही चालत त्यांना."

"वर्गाला नको असेल. तुला जायला काहीतरी कारण पाहिजे ना."

मी चहा घेऊन बाजूच्या दारानं गेले. सुवार्ता ऑर्गनवर बसली होती. मास्तर खाली गुडघ्यांवर बसून, कपाळ ऑर्गनच्या लाकडाला टेकवून, डोळे मिटून होते. असं मी त्यांना प्रार्थनेतसुद्धा कधी पाहिलं नव्हतं.

"अहो," मी हाक मारली. परत मारली. तिनं वाजवणं थांबवलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले, तिच्याकडं पाहिलं आणि मग मान वळवून माझ्याकडं.

"कधी आलीस?"

"दोनदा हाक मारली."

"लक्ष नव्हतं."

"कसं असेल," मी म्हटलं आणि चहा बाकावर ठेवून निघून आले.

त्या वर्षी त्यांनी माझ्या हाकेला ओ देणंच सोडलं होतं. मी चुलीपाशी बसून काही विचारलं तर उत्तर नाही. पाठमोरे असले तर अजिबात नाही. आणि समोर बसले की मात्र माझ्या तोंडाकडं टक लावून बघायचे, जसं काही परवाच लग्न झालंय. मला ते बघणं आवडायचं आणि खटकायचंही.

"माझ्या तोंडावर काय लिहिलंय?" मी एकदा विचारलं.

"तू बोल ना," ते म्हणाले.

आत्याबाईंनी ते ऐकलं. ते बाहेर गेल्यावर त्या म्हणाल्या, "तुझा सासरा पण असाच गोड बघायला लागला होता एका वर्षी. मग मी चौकशी केली." काय निघालं चौकशीत, ते त्यांनी सांगितलं नाही.

ऑर्गन वाजवणारा मंडळीकडं पाठ करून बसतो. म्हणून ऑर्गनच्या वर भिंतीला एक आरसा तिरका लावलेला होता, पाळकसाहेब आणि मंडळी दिसावी यासाठी. बायकांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर, मधल्या वाटेच्या कडेला, माझी जागा होती. तिथून आरशात मला मास्तरांचे डोळे दिसायचे. लग्न होऊन मी त्या चर्चमध्ये आले त्या पहिल्याच रविवारी ते डोळे माझ्यावर होते आणि पुढं दर रविवारी असायचे. बाजूच्या बायका कोपरखळी मारायच्या. माझं रूप काही विशेष नव्हतं, शिक्षण नव्हतं, पण गळा होता, आणि अख्ख्या मंडळीत ज्याला पाठ करून बसावं लागतं तो माणूस सगळं सोडून मला बघत होता. ही गोष्ट माझी होती. ती मी कुणाला सांगितली नाही, पण आठवडाभर तिच्यावर जगायची.

त्या उन्हाळ्यात सुवार्ता पानं उलटायला त्यांच्या शेजारी स्टुलावर बसायला लागली, आणि आरशात डोळ्यांची दुसरी जोडी आली. तीही माझ्याकडंच बघायची. गाणं सुरू झालं की बघायची, संपलं की खाली मान. एका रविवारी उपासना सुटल्यावर मी तिला पायरीवर गाठलं.

"माझ्या तोंडाला काही लागलंय का ग?"

"नाही वहिनी."

"मग आरशात काय बघत असतेस?"

ती लाल झाली. "मास्तरांनी सांगितलंय. वाजवणाऱ्यानं मंडळीकडं बघावं."

"मंडळी म्हणजे मी एकटीच?"

तिनं ओठ चावला आणि छत्री उघडून चालायला लागली. मला वाटलं, ही मला जोखते आहे. माझ्यात असं काय आहे, हे बघते आहे.

लग्नाच्या आदल्या दिवशी अंगणात मांडव घालून झाला. आमच्या घरात अशी रीत होती की नवरदेवाच्या मागं थोरली वहिनी उभी राहते आणि अंगठी तिच्या पदराच्या गाठीत असते. पाळकसाहेबांनी मागितली की तिनं गाठ सोडून द्यायची. आत्याबाईंनी त्यांच्या धाकट्या दिराला दिली होती, तशी मी सुमंतभाऊजींना देणार होते. त्यासाठी हिरवी साडी काढून ठेवली होती.

मास्तर पाणी प्यायला आत आले आणि माझ्यासमोर बसले.

"मार्था, उद्या तू तिसऱ्या बाकावरच बस."

"आणि अंगठी?"

"सुमंतच्या खिशात देऊ."

"का?"

"गाणं नीट होईल."

"मी पुढं उभी राहून गायले तर बिघडेल?"

ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. काहीतरी बोलणार होते, पण बाहेरून कुणीतरी आलं आणि ते उठले.

हे एवढ्यावर राहिलं असतं. पण संध्याकाळी सुवार्ता वेदीसाठी फुलं घेऊन आली आणि टोपली खाली ठेवता ठेवता हळूच म्हणाली, "वहिनी, उद्या तुम्ही तुमच्या नेहमीच्या जागेवर बसाल ना?"

माझ्या हातात पिठाचं ताट होतं. ते मी खाली ठेवलं.

"तू कुठं बसणार उद्या?"

"मी? मास्तरांच्या शेजारी. पानं उलटायला."

"म्हणजे तुझी जागा ठरली. आता माझी पण तूच ठरवणार?"

"तसं नाही वहिनी, मास्तरच म्हणाले असते..."

"मला म्हणाले ते. तुझ्याही कानावर घातलंय, हे मला माहीत नव्हतं. बरंच बोलतात तुझ्याशी."

"मला सांगता येत नाही," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते बघून मला बरं वाटलं.

"फुलं ठेव आणि जा," मी म्हटलं. "आणि सांग त्यांना, मार्था पुढं उभी राहणार आहे."

दुसऱ्या दिवशी मी पुढं उभी राहिले. हिरव्या साडीत, पदराच्या गाठीत अंगठी, ऑर्गन माझ्या मागं डाव्या हाताला. आयुष्यात पहिल्यांदा मी उपासनेत आरशाच्या बाहेर होते. चर्च खचाखच भरलं होतं, बाहेर पण माणसं उभी होती, उन्हानं सगळे घामाघूम. पहिलं गीत झालं. मला मास्तर दिसत नव्हते. गाताना मला जरा एकटं वाटलं, पण मी मागं वळले नाही.

दुसऱ्या गीताच्या वेळी त्रिभुवनसाहेब, आमचे पाळक, रुमालानं मान पुसत म्हणाले, "ऊन फार झालंय. आपण या गीताचं पहिलं आणि शेवटचं कडवंच गाऊ."

मंडळीनं पहिलं म्हटलं. मग शेवटचं म्हटलं. चाल एकच, त्यामुळं काही कळायचं कारण नव्हतं. आमेन झालं आणि सगळे थांबले.

ऑर्गन थांबला नाही. तिसरं कडवं सुरू झालं.

लोकांना आधी वाटलं, भावाचं लग्न आहे, मास्तर रंगात आलेत. सुमंतभाऊजी हसून माझ्याकडं बघायला लागले. ऑर्गन ओळीच्या शेवटी थोडा थांबला, मंडळीनं श्वास घ्यावा म्हणून नेहमी थांबायचा तसा, आणि पुढं निघाला. पण गात कुणीच नव्हतं. मागं कुणीतरी खुदकन हसलं. त्रिभुवनसाहेब खाकरले. "मास्तर," ते म्हणाले. मग मोठ्यानं, "लोंढे मास्तर." ऑर्गन चालूच.

आणि मध्येच, ओळ अर्धी असताना, तो एकदम तुटला. म्हणून मी वळले.

सुवार्तानं मास्तरांचं मनगट धरलं होतं. अख्ख्या मंडळीच्या समोर, दोन्ही बाजूचे बाक भरलेले असताना, पाहुणे, वडीलमंडळी, नवरीकडची माणसं सगळी बघत असताना. धरलं आणि सोडलं नाही. मास्तर तिच्याकडं बघत होते. तिनं मान हलवली. मग ते उठले, ती त्यांच्या जागेवर बसली, आणि ते तिच्या स्टुलावर.

बायकांच्या बाजूला कुजबूज उठली. आत्याबाईंनी डोळे मिटून घेतले, पण ती प्रार्थना नव्हती.

"अंगठी," त्रिभुवनसाहेब म्हणाले.

मला गाठ सुटेना.

"वहिनी," सुमंतभाऊजी कुजबुजले, "अंगठी."

"देते," मी म्हटलं, आणि गाठ दातांनी सोडली.

पुढची गाणी सुवार्तानं वाजवली. चांगली वाजवली. मी एकही गायले नाही.

लग्न लागलं, माणसं मांडवाकडं गेली. मी बाजूच्या दारानं परत आत आले. मास्तर माझ्याकडं पाठ करून फडक्यानं पट्ट्या पुसत होते, नेहमीसारखं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. सुवार्ता पलीकडं पुस्तक मिटत उभी होती. तिनं मला पाहिलं.

"त्रिभुवनसाहेबांना परत बोलवा," मी म्हटलं. "मांडव घातलाच आहे. दोन लग्नं एकदमच उरकून टाका."

मास्तर पट्ट्या पुसत राहिले.

"माझी आई सांगत होती, पेटीवाल्याच्या घरात देऊ नका. दिवसभर लोकांना गायला लावतात आणि घरात तोंड उघडत नाहीत."

फडकं पुढं सरकलं.

"वहिनी," सुवार्ता म्हणाली.

"तू गप्प बस. हात धरायला लाज वाटली नाही, आता वहिनी म्हणायला येते." मी मास्तरांच्या पाठीला म्हटलं, "मागच्या साली तापानं पडला होतात, त्यातच गेला असता, तर विधवा म्हणून मला मान तरी राहिला असता."

मास्तरांनी फडकं झटकलं, घडी घातली आणि ऑर्गनचं झाकण हळूच खाली केलं. एखाद्या माणसाला इतकं बोलल्यावर तो असा घडी घालू शकतो, हे मला खरं वाटेना.

"बस करा वहिनी," सुवार्ता म्हणाली. "त्यांना ऐकू येत नाही."

"माझं कधीच येत नाही."

"कुणाचंच नाही. त्या तापानंतर कमी होत गेलं. नाताळपासून काहीच नाही. लाकडाला डोकं लावलं तर खालचे सूर कळतात, एवढंच."

मी तिथंच बाकावर बसले. मास्तरांनी सुवार्ताची नजर बघितली आणि वळले. माझा चेहरा पाहिला, मग माझं तोंड.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

मी तोंड गच्च मिटून घेतलं.

"मग इतके दिवस वाजवत कसे होते?" मी सुवार्ताला विचारलं, मान खाली घालून, त्यांना दिसू नये म्हणून.

"तुमच्यावरून," ती म्हणाली. आणि आता तिला राग आला. तिचा राग मी पहिल्यांदा पाहिला. "मंडळी कुठं श्वास घेते, कडवं कधी संपतं, कुठलं गाळलं, सगळं तुमच्या तोंडावरून. तुम्ही श्वास घेतला की बायका घेतात, बायकांमागून पुरुष. मला पहिल्या दिवसापासून हेच शिकवलं त्यांनी. बोटं नंतर, आधी मार्थाला बघ. तिचे खांदे वर गेले की तू थांब. तिची हनुवटी खाली आली की ओळ संपली. किती महिने मी तुम्हाला शिकतेय, वहिनी. घरी स्वयंपाक करताना मला तुमचा गळा दिसतो. मला तुमचा कंटाळा आलाय. आणि काल मी सांगायला आले तर तुम्ही मला बस पण म्हणाला नाहीत."

"मनगट लगेच का नाही धरलंस मग?"

"सगळे बघत होते म्हणून," ती म्हणाली. "मला पण माझी अब्रू आहे."

ती पुस्तक घेऊन बाहेर गेली. आम्ही दोघंच राहिलो. मास्तर माझ्यासमोरच्या बाकावर येऊन बसले. आता मी त्यांच्याकडं बघून बोलले.

"तिनं सांगितलं."

"आज ना उद्या कळणारच होतं."

"मग तिला का सांगितलं? मला का नाही?"

"तुला कळलं असतं तर तू मला दाखवायला गायली असतीस. तोंड मोठं करून, हळूहळू. मंडळी हसली असती, आणि तुझ्यामागं आली नसती. तू जशी गातेस तशीच गायला पाहिजे होतीस. ती पोरगी तयार होईपर्यंत."

हे कारण खरं होतं. मला ते तेव्हाही पटलं. पण पटल्यानं आत जे जळत होतं ते विझलं नाही. मी हळूहळू म्हटलं, "म्हणजे आरशात तुम्ही मला बघतच नव्हता. माझा श्वास बघत होता."

"तापानंतर, हो."

"आणि त्याच्या आधी? इतकी वर्षं?"

त्यांनी माझ्या ओठांवरून ते वाचलं आणि त्यांना हसू आलं.

"तेव्हा मला ऐकू येत होतं, मार्था," ते म्हणाले. "तेव्हा बघायची गरज नव्हती."

बाहेर पंगत बसली होती. आत्याबाई दारात येऊन म्हणाल्या, "वाढायला माणूस नाही आणि तुम्ही इथं बसलात." मी उठले.

त्या मनगटावरून मांडवात बोलणं सुरू झालंच होतं. पोरीला शाळेतून काढा, इथपर्यंत गेलं होतं. मास्तर संध्याकाळी चर्चच्या वडीलमंडळीसमोर उभे राहिले आणि स्वतःहून म्हणाले, "मला ऐकू येत नाही. तिनं हात धरला नसता तर मी अजून वाजवत बसलो असतो." एवढं बोलून त्यांनी ऑर्गनची किल्ली त्रिभुवनसाहेबांच्या हातात दिली. पुढच्या रविवारपासून ती सुवार्ताकडं गेली.

मी तिसऱ्या बाकावर परत बसायला लागले. आरशात आता एकटी सुवार्ता. मास्तर पुरुषांच्या बाजूला, वाटेच्या पलीकडं, जिथून माझं तोंड दिसेल तिथं. तेही गायचे, माझ्या ओठांवरून, मंडळीच्या जरासे मागून. पोरं हसायची. दोन्हीकडून दोघं बघत असल्यामुळं मला मन नसलं तरी गायलाच लागायचं, आणि घरी आल्यावर मी विचारायची, "आज काय म्हणाली ती तुम्हाला?" कारण उपासनेनंतर ती त्यांना पाटीवर लिहून दाखवायची. कुठं चुकलं, कुठलं गीत घ्यायचं, खेड्यातली कुठली नवी पोरं वर्गाला येणार. ते वाचून मान डोलवायचे, कधी हसायचे. मला त्यातलं एक अक्षर कळायचं नाही.

पुढं मास्तरांना मोतीबिंदू झाला. ओठ धूसर दिसायला लागले, पाटीवरची मोठी अक्षरं तेवढी दिसायची. सुवार्ता म्हणाली, "वहिनी, तुम्हाला काय सांगायचं ते मला सांगा, मी लिहिते त्यांना." मी म्हटलं, "नको." माझ्या नवऱ्याशी माझं बोलणं तिच्या हातून व्हायला नको होतं. चाळिशी उलटली होती माझी. सुमंतभाऊजींच्या बायकोकडं बसून मी मुळाक्षरं गिरवायला घेतली, आणि एका रविवारी सुवार्ता तिचं लिहून, पुसून घरी गेल्यावर मी पाटी ओढून घेतली आणि जमेल तितक्या मोठ्या अक्षरांत लिहिलं: काय म्हणाली ती?

मास्तरांनी पाटी डोळ्यांजवळ नेली. खूप वेळ धरली. मग म्हणाले, "म्हणाली, आज मार्थावहिनीचा आवाज बसलाय, काढा द्या."

मी काढा घेतला नाही.

मास्तर १९८४ साली, ऑगस्ट महिन्यात, घरी वारले. सुवार्ता हिवाळे २००९ साली, ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी गेली.